मित्र-नातेवाईकांना घेऊन फ्लाय फिशिंगला जायचंय? मासे नंतर, आधी काठ बघा

फ्लाय फिशिंग हे मुळात एकट्याचं काम. गळ टाकणाऱ्याच्या पुढे-मागे दहा-बारा मीटर जागा मोकळी लागते, आणि काठावरून चार जण धपधप चालत गेले की उथळ पाण्यातले मासे क्षणात नाहीसे होतात. तरीही मित्र, भावंडं, मुलं आणि एखादी हौशी मावशी अशी टोळी घेऊन नदीवर जाता येतं आणि दिवस छान जातो. त्यासाठी सहल गटातल्या सर्वात नवख्या माणसाच्या बेताने आखावी लागते. सराईत माणूस कुठल्याही पाण्यावर आपली सोय बघून घेतो. नवख्याच्या वाट्याला पहिल्याच तासात गुंता, काटेरी झुडपं आणि मांडीपर्यंतचं वेगवान पाणी आलं, तर तो दुपारी गाडीत जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

हा प्रकार नेमका काय आहे

साध्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं. ते फेकलं की दोरा त्याच्यामागून जातो. इथे गळावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून किडा तयार केलेला असतो. तोच फ्लाय. त्याला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून वजन दोऱ्यात ठेवलेलं असतं. जाडसर, रंगीत लाइन हवेत मागे-पुढे उलगडते आणि फ्लाय तिच्याबरोबर ओढला जातो. लाइनला पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर, लीडरच्या टोकाला बारीक टिपेट आणि टिपेटला फ्लाय, अशी ही साखळी असते.

नदीतला मासा ज्या किड्यांवर जगतो त्यातले तीन गट नवख्याने ओळखावेत: मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय. यांचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली, दगडांच्या पोटाशी जातं आणि पंख फुटल्यावरचे दिवस थोडेच असतात. म्हणून मासे खाणं उचलतात तेही बरंचसं पाण्याखालीच. पाण्यावर तरंगणारा ड्राय फ्लाय बघायला सुंदर, पण पहिल्या दिवशी मासा लागण्याची शक्यता बुडणाऱ्या निंफवर, म्हणजे पंख न फुटलेल्या किड्यासारख्या फ्लायवर, जास्त. लहान माशासारखा ओढत आणायचा स्ट्रीमर हा तिसरा प्रकार. तो नवख्यांना सोपा जातो, कारण त्यात फेक वाकडी पडली तरी चालते.

आणि हा खेळ फक्त थंड पाण्यातल्या ट्राउट माशापुरता नाही. ग्रेलिंग, बास, पाइक, महसीर असे कितीतरी मासे फ्लायवर येतात. पुढची उदाहरणं ट्राउटच्या नद्यांची दिली आहेत, कारण बहुतेक लोक सुरुवात तिथून करतात.

गट किती मोठा असावा

हातात रॉड, म्हणजे गळाची काठी, धरणारे सहापेक्षा जास्त नकोत, आणि त्यांतले निदान दोघे सराईत हवेत. दोन नवख्यांमागे एक जाणता हे प्रमाण बरं चालतं. तितके जाणते नसतील तर स्थानिक गाइड घ्या. होडीतून जायचं असेल तर हिशोब आपोआप ठरतो: प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या ड्रिफ्ट बोटीत वल्हवणारा एक, गळ टाकणारे दोन, एक पुढे आणि एक मागे. नवखा पुढे बसवावा, म्हणजे मागच्याला त्याचा फ्लाय कुठे चाललाय ते दिसतं.

गाइडशी बोलताना रॉड, वेडर्स (पाण्यात उभं राहताना घालायची जलरोधक विजार), जेवण यांतलं काय काय त्याच्याकडून मिळणार हे विचाराच. पण खरा प्रश्न असा: “पाणी चढलं किंवा गढूळ झालं तर आपण कुठे जाऊ?” ज्याच्याकडे याचं तयार उत्तर आहे, तो माणूस कामाचा.

गटात कोणाला मासेमारीत रस नसेल तर त्याच्या हातात बळेच रॉड देऊ नका. अशी माणसं सहलीची खरी शोभा असतात, फक्त त्यांना बसायला सावली आणि परतायला वेगळी गाडी हवी. खर्च कसा वाटायचा हेही निघण्याआधी लिहून सगळ्यांना पाठवा. गळ न टाकणाऱ्याने गाइडचे पैसे द्यायचे का, हा प्रश्न परतीच्या वाटेवर निघाला की वातावरण बिघडतं.

नदी निवडताना

नवखे सोबत असताना भरपूर मासे म्हणून नावाजलेली नदी सोडून द्यायची वेळ बऱ्याचदा येते. अशा नद्यांवर गर्दी असते, मासे हुशार झालेले असतात, काठ चढाचे असतात. गटासाठी पाणी बघताना मी या गोष्टी शोधतो: घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं पाणी, तळाला चिकट शेवाळाऐवजी खडी, एका काठाला झाडं नसलेला लांब पट्टा, आणि गाडी थांबते तिथून दहा मिनिटांच्या आत पोहोचता येणारी जागा. मध्यम रुंदीची, उथळ खळाळ आणि मध्ये मध्ये डोह असलेली नदी सर्वात चांगली. झाडीतून वाहणारा अरुंद ओढा चित्रात छान दिसतो, पण नवख्याचा फ्लाय तिथे पाण्यापेक्षा फांद्यांवर जास्त वेळ घालवतो.

वर धरण आहे का, हे आधी विचारून घ्या. धरणाखालच्या नद्या बऱ्याचदा थंड आणि माशांनी भरलेल्या असतात, पण पाणी सोडलं की पातळी थोड्याच वेळात वाढते. विसर्गाचं वेळापत्रक मिळत असेल तर गटातल्या निदान दोघांच्या फोनवर ते असावं.

तारीख ठरवताना दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे विणीचा काळ. ब्राउन ट्राउट शरद ऋतूच्या शेवटी आणि हिवाळ्यात अंडी घालतो, रेनबो बहुधा वसंतात, आणि त्या काळात बऱ्याच नद्या बंद असतात. दुसरी पाण्याचं तापमान. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की गळाला लागून दमलेला मासा सोडून दिला तरी मरू शकतो. साधा थर्मामीटर खिशात ठेवा, आणि उन्हाळ्यात फक्त सकाळी उतरा. दुपार झोपण्यासाठी उत्तम असते.

परवाना आणि परवानगी

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गटाची फजिती इथेच होते. इंग्लंडमध्ये रॉडचा परवाना पर्यावरण खात्याकडून, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडून घ्यावा लागतो, पण तो असला तरी बहुतेक नद्यांवर मासेमारीचा हक्क काठाच्या मालकाकडे किंवा क्लबकडे असतो. त्यांची परवानगी वेगळी काढावी लागते. तिथे 13 वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, 13 ते 16 वयाच्या मुलांना तो मोफत मिळतो, पण काढावा लागतोच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात उलट आहे: सार्वजनिक जागेतून नदीत उतरलात की नेहमीच्या उच्च जलरेषेच्या, म्हणजे पाणी एरवी जिथवर चढतं त्या खुणेच्या, आत राहून खाजगी जमिनीतूनही चालता येतं. शेजारच्या राज्यांत हाच नियम असेल असं धरून चालू नका.

गळाचे, तळव्यांचे, माशाच्या आकाराचे नियमही नदीगणिक बदलतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गळ बिनकाट्याचाच, म्हणजे टोकाला उलटा काटा नसलेला, लागतो आणि फेल्टच्या (नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाच्या) तळव्याचे बूट चालत नाहीत. म्हणून गटातल्या एकाकडेच हे काम द्या: सगळ्यांचे परवाने काढून त्यांच्या छापील प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या आणि नियमांचं पान आदल्या रात्री मोठ्याने वाचायचं. हे वाचन कंटाळवाणं होतं, पण करा.

सामान

नवख्यासाठी 9 फुटी, 5 नंबरचा रॉड आणि त्याच नंबरची तरंगणारी लाइन. हा नंबर लाइनच्या वजनाचा असतो: 5 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट सुमारे 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम भरतात. रॉड, रीळ आणि लाइन यांचे नंबर जुळले की फेक आपोआप सुधारते. रिळावर फार खर्च करू नका. मध्यम आकाराच्या माशासाठी ते दोरा साठवण्याचंच काम करतं. लीडर 9 फुटी, 5एक्सचा. एक्सच्या पुढचा आकडा जितका मोठा तितका टिपेट बारीक. 11 मधून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते, म्हणून 5एक्स म्हणजे 0.006 इंच. अंदाजाला आणखी एक सोपा हिशोब: फ्लायच्या नंबराला तीनने भागा, 16 नंबरच्या फ्लायला 5एक्स बसतो. (फ्लायचा नंबर त्याच्या गळाच्या आकाराचा असतो, आकडा मोठा तितका गळ लहान.)

फ्लायची डबी भरण्याचा मोह आवरा. अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस हे तरंगणारे, फेझंट टेल आणि हेअर्स इअर हे बुडणारे, सगळे 12 ते 16 नंबरचे, आणि 8 किंवा 10 नंबरचा वुली बगर हा स्ट्रीमर. एवढ्यावर अख्खा गट दिवस काढतो. मात्र प्रत्येकाचे पाच-सहा नग घ्या, कारण नवखा फ्लाय गमावणारच. चपट्या चिमट्याने गळाचा उलटा काटा घरीच दाबून टाका. मासा सोडणं सोपं होतं, आणि माणसाला लागलेला गळही सोपा निघतो. पहिल्या सहलीत दुसरी शक्यता जास्त.

टोपी आणि पोलराइज्ड चष्मा प्रत्येकाला सक्तीचा, फक्त बघायला आलेल्यालाही. चष्म्याने पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो हे खरं, पण तो घालायचा मुख्यतः डोळ्यांत गळ जाऊ नये म्हणून.

छातीपर्यंतचे वेडर्स घेतले तर कमरेचा पट्टा घट्ट बांधल्याशिवाय कोणीही पाण्यात पाऊल टाकायचं नाही. पडल्यावर आत पाणी भरणं त्या पट्ट्यामुळे कमी होतं. उन्हाळ्यात उबदार पाण्यात साधी लवकर सुकणारी पँट आणि पकड असलेले बूट पुरतात. फेल्टचे तळवे गुळगुळीत गोट्यांवर छान धरतात, पण ओले राहतात आणि एका नदीतलं शेवाळ दुसरीत नेतात. डिडिमो नावाचं आक्रमक शेवाळ 2004 मध्ये न्यूझीलंडच्या नद्यांत सापडलं, आणि 2008 मध्ये तिथे मासेमारीसाठी फेल्टवर बंदी आली. रबराचे तळवे घ्या.

पहिली फेक गवतावर

नदीवर पोहोचून शिकवायला सुरुवात केली तर सकाळ वाया जाते. निघण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांना मैदानावर बोलवा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, आणि तासभर फेक करू द्या.

सांगायच्या गोष्टी मोजक्याच. मनगट फार मोडायचं नाही. रॉड मागे नेऊन एकदम थांबवायचा, लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे आणून पुन्हा थांबवायचा. बहुतेक चुका मागच्या थांबण्यात घाई केल्याने होतात. त्यामुळे मागे वळून लाइन बघायला सांगा, शरमायचं कारण नाही. जोर लावणाऱ्या मेहुण्याला “अर्ध्या ताकदीने टाक” एवढंच सांगा, तो चकित होईल.

मग रोल कास्ट शिकवा. यात लाइन मागे हवेत जातच नाही. ती पाण्यावर हळू ओढून रॉड कानाच्या मागे आणायचा, क्षणभर थांबायचं आणि पुढे झटका द्यायचा, की लाइन गुंडाळत पुढे जाते. मागे झाडी असलेल्या काठावर आणि लोकांच्या गर्दीत हीच फेक सर्वात सुरक्षित. गवतावर ती नीट जमत नाही, तिला पाण्याची पकड लागते, म्हणून हालचाल तेवढी दाखवून ठेवा. आठ-दहा मीटर सरळ पडणारी फेक आली की नदीवर जायला हरकत नाही. बरेच मासे त्या अंतरातच असतात.

गाठी दोनच: फ्लायसाठी क्लिंच, टिपेट जोडण्यासाठी सर्जन्स नॉट. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरड्या गाठीचा नायलॉन घर्षणाने कमजोर होतो.

नदीवर: कोण कुठे उभं राहणार

इथे सहल बनते किंवा बिघडते. पोहोचल्यावर लगेच कोणालाही पाण्यात सोडू नका. दहा मिनिटं काठावर उभं राहून पाणी बघा. मासा कमी श्रमात जास्त खाणं मिळेल तिथे थांबतो: मोठ्या दगडाच्या पुढे आणि मागे, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर, खळाळ संपून डोह सुरू होतो त्या उतारावर, काठाच्या पोकळ भागाखाली. पाण्यावरच्या फेसाची रेघ जिथून जाते तिथूनच किडेही वाहतात. मुलांना दोन-तीन गोटे उलटून खालचे किडे बघायला सांगा. कोणता निंफ बांधायचा ते कळतं, आणि मुलंही कामाला लागतात. पाहून झालं की गोटा होता तसाच ठेवायचा.

मग पट्टे वाटा. नदीचे तीन-चार भाग करून एका भागात एक जोडी, दोन जोड्यांमध्ये निदान 30 मीटर. जोडीत रॉड एकच असावा हे माझं ठाम मत आहे. एक जण टाकतो, दुसरा बघतो, गुंता सोडवतो, मासा लागला की हातजाळी धरतो. वीस मिनिटांनी किंवा मासा लागल्यावर पाळी बदलते. दोन रॉड दिले की दोघंही आपापल्या गुंत्यात अडकतात आणि कोणीच काही शिकत नाही. दर दीड तासाने जोड्यांनी पट्टे बदलावेत. नाहीतर चांगला डोह मिळालेल्या काकांबद्दल दुपारी जेवताना कुजबुज सुरू होते.

बाहेरचा कोणी आधीपासून पाण्यात असेल तर तो कोणत्या दिशेने सरकतोय ते बघा आणि त्याच्या पुढच्या पाण्यात उतरू नका. वरच्या अंगाला जाणाऱ्याच्या वर घुसणं ही नदीवरची सर्वात मोठी आगाऊपणाची गोष्ट मानली जाते. आठ जणांच्या गटाने दुसऱ्याला जागा सोडून लांबून वळसा घालावा.

फ्लाय टाकताना प्रवाहाच्या वर, तिरका टाका. मासा बहुधा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून मागून जवळ जाणं सोपं पडतं. फ्लाय मोकळ्या पानासारखा वाहिला पाहिजे. मधल्या वेगवान धारेने लाइनला पोट आणलं की फ्लाय ओढला जातो आणि मासा तो सोडून देतो. अशा वेळी रॉडच्या टोकाने लाइनचं पोट उचलून वरच्या अंगाला ठेवायचं, याला मेंड करणं म्हणतात. नवख्याने दिवसभरात हे एवढं शिकलं तरी पुरे.

पाण्यात पाय टाकताना

पाय घासत, एक पक्का झाल्याशिवाय दुसरा न उचलता, प्रवाहाला अंग तिरकं देऊन चालायचं. हातात काठी. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर लागलं की नवख्याने मागे फिरायचं, वाद नाही. पडलात तर रॉड सोडा, पाठीवर या, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे धरा आणि उथळ पाण्यात पोहोचेपर्यंत उभं राहण्याचा प्रयत्न करू नका. वेगवान पाण्यात उभं राहताना पाय दगडांत अडकला तर प्रवाह अंगावरून पाडतो.

पाण्याच्या कडेला एका दगडावर खूण ठेवा आणि मधूनमधून बघा. खूण बुडाली, पाणी गढूळलं, काड्या-पाला वाहून येऊ लागला की सगळ्यांनी काठावर. शिट्टीचा इशारा आधीच ठरवून ठेवा, कारण खळाळात हाक ऐकू जात नाही. विजा चमकू लागल्या तर रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, हे वरून तारा गेलेल्या जागीही लक्षात ठेवा.

मुलांनी पाण्याच्या जवळ जीवरक्षक जॅकेट घालायचं, आणि प्रत्येक लहान मुलामागे एक मोठं माणूस, ज्याच्या हातात रॉड नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जपानी पद्धतीचा तेनकारा रॉड देऊन बघा. त्याला रीळच नसतं, लाइन थेट टोकाला बांधलेली असते. गुंते कमी होतात आणि पहिल्याच तासात फेक जमते. पण मूल दगड उलटत बसलं तर बसू द्या.

मासा लागल्यावर

टोक वर ठेवा, मासा ओढत असेल तर दोरा सोडा, थांबला की घ्या. फार वेळ खेळवू नका. हात ओले करूनच माशाला हात लावायचा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. जाळी पाण्यातच ठेवा, गळ चिमट्याने काढा, फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावर दोन-तीन सेकंद उचला आणि परत पाण्यात. गळ घशात खोल गेला असेल तर टिपेट कापून टाका. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः निघून जाईपर्यंत धरा. नियमांनी परवानगी असेल आणि जेवणासाठी ठेवायचा असेल तर तो लगेच मारा, पिशवीत तडफडत ठेवू नका.

माणसाच्या कातडीत बिनकाट्याचा गळ रुतला तर तो आला त्याच मार्गाने मागे निघतो, मग जखम धुवा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ रुतला तर काढायचा प्रयत्न न करता तसाच झाकून डॉक्टरकडे न्यायचं. जवळचं रुग्णालय कुठे आहे आणि फोनला रेंज कुठे मिळते, हे सकाळीच बघून ठेवा.

परतताना

गाडीत बसण्याआधी रॉडचे भाग सोडवा. कित्येक रॉड माशाने नव्हे तर गाडीच्या दाराने मोडतात. तुटलेला नायलॉन खिशात टाका, पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो. बूट, वेडर्स आणि जाळीवरचा चिखल, शेवाळ, बिया नदीवरच धुऊन काढा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नदीवर जाणार असाल तर भांडी घासण्याच्या साबणाच्या 5 टक्के द्रावणात सगळं बुडवून घ्या. तसं नसेल तर आतून-बाहेरून पूर्ण सुकवा आणि सुकल्यावर आणखी 48 तास तसंच ठेवा. वेडर्स उलटे करून टांगा, लाइन ओल्या फडक्यातून ओढून पुसा, आणि फ्लायची डबी झाकण उघडून रात्रभर बाहेर ठेवा, नाहीतर गळ गंजतात.